वडिलांच्या कीर्तनांच्या डीव्हीडी : सदोष काम आणि अपुऱ्या डिस्कबद्दल तक्रार

दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : व्हिडिओ फाइलींपासून मेन्यू व चॅप्टरसह डीव्हीडी तयार करण्याच्या कामातील त्रुटी, ठरल्यापेक्षा कमी डिस्क मिळणे आणि काम नव्याने करून देण्याबाबत.

महोदय,

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी माझ्या दिवंगत वडिलांच्या सहा कीर्तनांच्या डीव्हीडी तयार करण्याचे काम आपल्या कंपनीकडे सोपवले. प्रत्येक कीर्तनाची स्वतंत्र डिस्क, सहा डिस्कचा एक संच आणि असे पाच संच, म्हणजे एकूण ३० डिस्क, असे ते काम होते. मेन्यू (पडद्यावर बटणांनी निवड करण्याचे पान) आणि चॅप्टर (ज्यांवर थेट जाता येते असे चित्रणाचे भाग) धरून दर डिस्कला ४५० रुपये ठरले होते आणि त्याप्रमाणे १३,५०० रुपयांची पूर्ण रक्कम मी आगाऊ भरली. आज तीन महिन्यांनंतर माझ्याकडे एकही डिस्क अशी नाही, जी ठरल्याप्रमाणे झाली आहे असे मी म्हणू शकेन. आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर चार वेळा बोलूनही उपयोग न झाल्यामुळे ही लेखी तक्रार करीत आहे.

आजच्या काळात डीव्हीडी कशासाठी, असे आपल्या प्रतिनिधींनी मला दोनदा विचारले, म्हणून ते आधी सांगते. माझी आई ७८ वर्षांची आहे आणि राजापूर तालुक्यातील आमच्या गावी राहते. तिथे मागच्या पडवीत उभे राहिले तरच मोबाइलला रेंज मिळते. शिवाय तिची बोटे थरथरत असल्यामुळे स्पर्शाने चालणारा फोन तिला वापरता येत नाही. मात्र डीव्हीडी प्लेयर तिच्या सवयीचा आहे. डिस्क घालणे, रिमोटवरचे बाण दाबून हव्या त्या ओळीवर येणे आणि मधले बटण दाबणे हे ती गेली पंधरा वर्षे कोणाच्याही मदतीशिवाय करते आहे. संध्याकाळी देवापाशी दिवा लावल्यावर बाबांचे कीर्तन स्वतःच्या हाताने लावून ऐकावे, एवढीच तिची इच्छा होती. वर्षश्राद्धाला जमणाऱ्या चारही भावंडांना एकेक संच द्यावा, असेही तिनेच सुचवले होते. पेनड्राइव्ह द्या, असा सल्ला आपल्या प्रतिनिधींनी दिला. तिचा प्लेयर पेनड्राइव्हवरील आजच्या पद्धतीच्या फाइली चालवत नाही, आणि चालवल्या असत्या तरी फाइलींची नुसती यादी म्हणजे मेन्यू नव्हे.

ही कीर्तने माझ्या भाच्याने गावच्या देवळात कॅमेऱ्यावर चित्रित केली होती आणि आमच्या कुटुंबाच्या खाजगी ऑनलाइन साठ्यात ठेवली होती. मूळ मेमरी कार्ड आता आमच्याकडे नाही. त्यामुळे त्या साठ्यातून उतरवून घेतलेल्या एमपी४ फाइली हेच आमचे मूळ साहित्य आहे. त्या १९२० × १०८० आकाराच्या, सेकंदाला २५ चित्रांच्या आणि ४८ किलोहर्ट्झ आवाजाच्या आहेत. आपल्याकडे फाइली देण्यापूर्वी मी हा तपशील मुद्दाम पाहून आपल्या मागणीपत्रात लिहिला होता, कारण पाल पद्धतीची (भारतातील टीव्हीच्या पद्धतीची) डीव्हीडीही सेकंदाला २५ चित्रांचीच असते आणि तिचा आवाजही ४८ किलोहर्ट्झचाच असतो. चित्रांची संख्या बदलण्याची या कामात कुठेही गरज नव्हती.

पहिल्या खेपेला डिसेंबरमध्ये ३० डिस्क आल्या आणि त्यातील एकही आईच्या प्लेयरवर चालली नाही. मी संगणकावर पाहिले, तेव्हा प्रत्येक डिस्कवर माझीच एमपी४ फाइल जशीच्या तशी उतरवलेली होती. डिस्कवर फाइल ठेवणे आणि डीव्हीडी व्हिडिओ तयार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यासारख्या व्यावसायिक कंपनीला सांगावे लागेल, असे मला वाटले नव्हते. प्लेयरला एमपेग-२ या डीव्हीडीच्या चित्रस्वरूपात रूपांतरित केलेले चित्र लागते आणि ते 'व्हिडिओ टीएस' या फोल्डरमध्ये व्हीओबी (चित्र व आवाजाच्या) व आयएफओ (मांडणीच्या माहितीच्या) फाइलींच्या ठरलेल्या रचनेत असावे लागते. मेन्यू कुठे आहे, कोणता चॅप्टर कोठून सुरू होतो आणि कोणते बटण दाबल्यावर कुठे जायचे, ही सारी माहिती त्या रचनेतच असते. ती रचनाच नव्हती, म्हणून मेन्यू आणि चॅप्टर असण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या सूचनेनुसार मी सर्व डिस्क स्वखर्चाने, ३८० रुपये कुरियरला देऊन, परत पाठवल्या.

दुसरी खेप वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, जानेवारीत आली. या डिस्क प्लेयरवर चालतात, हे मान्य करते. परंतु ३० डिस्कऐवजी १० आल्या आहेत. प्रत्येक संचात सहाऐवजी दोनच डिस्क आहेत आणि एकेका डिस्कवर तीन कीर्तने कोंबली आहेत. हा केवळ संख्येचा प्रश्न नाही. एका थराच्या डिस्कवर ४.७ गिगाबाइट जागा असते. तिच्यावर सुमारे दोन तासांचे एक कीर्तन ठेवले, तर सेकंदाला सरासरी ५ मेगाबिटपर्यंत माहिती मिळते आणि चित्र स्वच्छ राहते. त्याच जागेत सहा तास बसवले, की सेकंदाला १.७ मेगाबिट उरतात आणि त्यातूनच आवाजाचाही वाटा जातो. याचा परिणाम पडद्यावर स्पष्ट दिसतो. बाबा स्थिर उभे असतात तोवर चित्र बरे असते. पण ते झांज वाजवत वळले, की हात आणि उपरणे यांच्या जागी चौकोनी ठिपके उठतात. प्रत्येक कीर्तनाला वेगळी डिस्क मी याच कारणासाठी मागितली होती आणि तिचे पैसेही दिले होते.

त्यात भर म्हणजे या डिस्क पालऐवजी एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतील टीव्हीच्या पद्धतीच्या आहेत. मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये तपासले असता आकार ७२० × ४८० आणि गती सेकंदाला २९.९७ चित्रे अशी नोंद मिळते. म्हणजे माझ्या २५ चित्रांना दर सेकंदाला जवळजवळ पाच चित्रे पुन्हा दाखवून ही संख्या गाठली आहे, आणि त्यामुळे प्रत्येक हालचाल अडखळत होते. पालमध्ये ७२० × ५७६ असा आकार असतो, तेव्हा चित्राच्या ९६ ओळीही विनाकारण गेल्या. आईच्या जुन्या टीव्हीवर पहिल्यांदा चित्र कृष्णधवल आले. प्लेयरची मांडणी बदलल्यावर रंग आले, पण अडखळणे तसेच राहिले.

आता लिहिते ती गोष्ट आपल्या दृष्टीने कदाचित एका खुणेची चूक असेल. मूळ चित्रण १६ : ९ या रुंद प्रमाणातील आहे, डिस्कवर ते ४ : ३ म्हणून नोंदवले आहे. ही नोंद बरोबर असती, तर आईच्या चौकोनी टीव्हीवर वर-खाली काळी पट्टी येऊन चित्र योग्य प्रमाणात दिसले असते. नोंद चुकल्यामुळे उंचीच्या मानाने चित्राची रुंदी पाऊण झाली आणि माणसे उंच व कृश दिसू लागली. बाबा शेवटचे चार महिने आजारी होते आणि फार खंगले होते. ही कीर्तने त्याआधीची, त्यांच्या भरल्या अंगाच्या दिवसांतली आहेत. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी सगळे बसले असताना डिस्क लावली आणि आई म्हणाली, "हे तेव्हापासूनच असे वाळले होते का? मला कसे कळले नाही?" चित्र चुकीचे आहे, बाबा तसे नव्हते, हे तिला पटवायला मला भाच्याच्या लॅपटॉपवर मूळ फाइल लावून दाखवावी लागली. आपल्या कामाची तपासणी डिस्क पाठवण्यापूर्वी कोणी एकदा जरी पडद्यावर पाहून केली असती, तर हे टळले असते.

चॅप्टरबाबतची माझी तक्रार सर्वांत मोठी आहे, कारण त्यासाठी मी सर्वाधिक कष्ट घेतले होते. नारदीय कीर्तनाला स्वतःची बांधणी असते. आधी नमन, मग पूर्वरंगात मूळ पद आणि त्यावरचे निरूपण, मध्यंतरात बुक्का लावणे, हार घालणे आणि सर्वांनी मिळून करायचा नामगजर, नंतर उत्तररंगातले आख्यान आणि शेवटी आरती. ऐकणारा माणूस कीर्तन याच टप्प्यांनी ओळखतो. आईला रोज दोन तास बसवत नाही. तिला एखाद्या संध्याकाळी फक्त ध्रुवाचे आख्यान हवे असते, एखाद्या वेळी नुसता नामगजर. म्हणून मी सहाही कीर्तने पुन्हा पुन्हा ऐकून प्रत्येकी नऊ, अशी एकूण ५४ ठिकाणे तास, मिनिट आणि सेकंदांत नोंदवली आणि तो तक्ता आपल्याला दिला. चॅप्टर हा एमपेग-२ मधील चित्रगटाच्या (एकत्र साठवलेल्या सलग चित्रांच्या) आरंभीच बसतो आणि पालमध्ये असा गट जास्तीत जास्त १५ चित्रांचा, म्हणजे ०.६ सेकंदाचा असतो, हे लक्षात घेऊन मी प्रत्येक वेळ पहिल्या शब्दाच्या एक सेकंद आधीची धरली होती. रूपांतर करतानाच या वेळा प्रोग्रॅमला दिल्या असत्या, तर त्या त्या जागी नवा गट सुरू झाला असता आणि एकही अक्षर तुटले नसते.

आपण तो तक्ता उघडूनही पाहिला नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते. सर्व कीर्तनांना सरसकट दर पाच मिनिटांनी चॅप्टर पाडले आहेत. सुदामचरित्राच्या कीर्तनात उत्तररंग ज्या चॅप्टरमध्ये सुरू होतो, तो चॅप्टर निवडल्यास आधी साडेतीन मिनिटे मध्यंतरातील हार घालण्याचा कार्यक्रम बघावा लागतो, आणि त्याच्या पुढचा निवडल्यास सुदामा द्वारकेच्या वाटेला लागलेला असतो. नामगजर तर दोन ठिकाणी मधोमध तुटतो. दर पाच मिनिटांनी पडलेला चॅप्टर यंत्र आपोआप पाडते. त्याला मी दिलेल्या चॅप्टरचे मोल लावणे योग्य नाही.

मेन्यूचीही तीच स्थिती आहे. मोठ्या देवनागरी अक्षरांत टप्प्यांची नावे असावीत, असे मी लिहून दिले होते. प्रत्यक्षात रोमन लिपीत 'चॅप्टर १' पासून 'चॅप्टर २४' पर्यंतची बटणे एकाच पानावर बारीक अक्षरांत दाटली आहेत. जिथे देवनागरी वापरली आहे, तिथे 'कीर्तन' या शब्दातील रफार सुटून त्याच्या जागी हलन्त 'र्' वेगळा उभा आहे. मेन्यूवरची अक्षरे शेवटी पार्श्वचित्राचाच भाग असतात. मराठी नीट उमटवणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये ते चित्र बनवून घेता आले असते. सर्वांत खालची ओळ पडद्याच्या कडेला इतकी चिकटली आहे, की टीव्हीवर ती अर्धी कापली जाते. अशा टीव्हीसाठी मजकूर चारही बाजूंनी साधारण दहा टक्के आत ठेवतात, ही या कामातील प्राथमिक गोष्ट आहे. निवडलेले बटण पांढऱ्यावर फिकट पिवळे दिसते, त्यामुळे आपण कुठे आहोत हे आईला कळत नाही. खालचा बाण दाबला की निवड काही ठिकाणी उजवीकडे उडी मारते, आणि कीर्तन संपल्यावर मेन्यू परत न येता पडदा काळा राहतो.

"डीव्हीडीत एवढेच होते, तिला मर्यादा असतात," असे उत्तर मला दूरध्वनीवर मिळाले. मर्यादा आहेत हे खरे, परंतु मी मागितलेले त्या मर्यादांच्या कितीतरी आत आहे. एका टायटलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या एका सलग चित्रणात, ९९ चॅप्टर करता येतात. मी ९ मागितले. ४ : ३ च्या एका मेन्यूवर ३६ बटणे ठेवता येतात, मला त्यांतली दहाही नको होती.

माझी मागणी अशी आहे. मूळ मागणीपत्राप्रमाणे ३० डिस्क, प्रत्येक कीर्तनाला एक याप्रमाणे, पाल पद्धतीत, १६ : ९ प्रमाणात आणि माझ्या तक्त्यातील वेळांवर चॅप्टर पाडून नव्याने तयार कराव्यात. सर्व डिस्क बनवण्याआधी सुदामचरित्राची एक नमुना डिस्क मला पाठवावी. ती आईच्या प्लेयरवर तिने स्वतः चालवून पाहिल्यावर मी लेखी संमती देईन आणि त्यानंतरच पुढचे काम करावे. मेन्यूची पार्श्वचित्रे हवी असल्यास मी स्वतः करून देण्यास तयार आहे. हे काम आपल्याला करायचे नसेल, तर १३,५०० रुपये आणि कुरियरचे ३८० रुपये, असे एकूण १३,८८० रुपये परत करावेत, आणि दोन्हींपैकी काहीही झाले तरी काम संपल्यावर आमच्या फाइली आपल्या संगणकांवरून काढून टाकल्याचे लेखी कळवावे. ती आमच्या घरची ठेव आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपले लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी लागेल आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील कमतरतेबद्दल माझ्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. तशी वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते, कारण मला भरपाईपेक्षा डिस्क हव्या आहेत. पावती, मागणीपत्र, ५४ वेळांचा तक्ता आणि आपल्या डिस्कवरील मेन्यूची छायाचित्रे या पत्रासोबत जोडली आहेत. तक्ता पुन्हा टंकलिखित करून अधिक मोठ्या अक्षरांत दिला आहे.

कळावे,

आपली ग्राहक,
(स्वाक्षरी)