पळस विटकरी का झाला

इंदूर, महाशिवरात्र

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझ्या तैलचित्राचा फोटो पाहिला. झाडं छान उभी राहिलीत, पण पळस विटकरी दिसतोय. ओल्या आकाशावरच तू तो चढवलास ना? नारिंगी ओल्या निळ्यात मिसळला की तपकिरी होणारच. मग उजेड आणायला पांढरा घातलास, त्याने तो आणखी फिका, खडूसारखा झाला. उजेडाकडच्या पाकळीला कॅडमियम ऑरेंजमध्ये थोडा कॅडमियम यलो घाल. सावलीकडे कॅडमियम रेड आणि अगदी किंचित अलिझरिन, म्हणजे गडद किरमिजी. पांढरा नकोच.

आणि फूल हातात घेऊन बघ. देठाकडचा छोटा पेला मखमली, जवळजवळ काळा असतो. नारिंगी पेटतो तो त्या काळ्यामुळे. नळीतला काळा न वापरता अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून टर्पेंटाइनने पातळ ठिपके आधी टाक. ते जरा आवळले की स्वच्छ ब्रशने नारिंगी शेजारी जाड ठेव आणि हात काढून घे. परत घोळवलंस की मळला. मोबाइलच्या फोटोवरून हे जमणार नाही. त्यात सगळी फुलं एकसारखा सपाट डाग होतात.

नवा कॅनव्हास १२ बाय १६ इंचांचा घे, मोठा नको. बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी, टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून सगळीकडे लाव, फडक्याने पूस, एक दिवस वाळू दे. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग गडद वाटतो आणि चित्र फिकं होत जातं. रेखाटनही याच रंगाने, ब्रशनेच. सावल्यांच्या जागा पहिल्या दहा मिनिटांत ठरव आणि मग त्या हलवू नकोस. सकाळी सातला बसलीस तर नऊपर्यंत उजेड पार बदललेला असतो.

आकाशाला सेरुलियन (आकाशी निळा) आणि पांढरा, क्षितिजाजवळ किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा), कारण फाल्गुनात तिकडे धुरकट असतं. लांबच्या विंध्याच्या डोंगरांना अल्ट्रामरीन, अलिझरिन आणि भरपूर पांढरा. सॅप ग्रीन नळीतून थेट लावलास तर पावसाळा दिसेल. आत्ताचं गवत म्हणजे यलो ऑकर, पांढरा आणि जांभळट छटा. काळ्या मातीला अंबर आणि अल्ट्रामरीन. चित्रकार बेंद्रे १९१० साली याच इंदुरात जन्मले, म्हणून काही ही माती आपल्याला सोपी होत नाही!

लांबच्या निष्पर्ण झाडांच्या बारीक फांद्या एकेक काढत बसू नकोस, जाळी विणल्यासारखी दिसते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा जवळजवळ कोरड्या हॉग ब्रशवर (डुकराच्या राठ केसांच्या) घेऊन नुसता घास. जवळच्या दोन-तीन फांद्या तेवढ्या रिगर ब्रशने (लांब, बारीक केसांच्या) ओढ, तेही आकाश वाळल्यावर.

पहिला थर फक्त टर्पेंटाइनने. वरच्या थरांना एक भाग जवसाचं तेल, दोन भाग टर्पेंटाइन. उलट केलंस तर खालचा तेलकट थर सावकाश वाळत राहतो आणि वरचा तडकतो. तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून घाई करून उपयोग नसतो. अंबर लवकर वाळतो, अलिझरिन रेंगाळतो. केरोसीन ब्रश धुण्यापुरतंच. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळव. वॉर्निशचं नाव सहा महिने तरी काढू नकोस.

रंगपंचमीच्या गेरला, रंगांच्या मिरवणुकीला, येणारच आहेस, तर चार दिवस आधी ये. चोरलच्या रस्त्याला पळस भरलेला असेल. तेल घरात आहे. पांढऱ्याची मोठी ट्यूब मात्र आण, तो बाकी रंगांच्या दुप्पट तरी लागतोच.

तुझे,
बाबा