घोट्याचे ऑपरेशन ठरवण्याआधी घरचे जिने विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

2016च्या जुलैत, भर पावसात, चिंचपोकळी स्टेशनच्या पायऱ्यांवरून घसरले आणि उजवा घोटा मोडला. प्लेट बसली, हाड जुळले, दुखणे मात्र गेले नाही. माझे पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाच ते अकरा मी ओट्याशी उभी असते. हल्ली उठल्यावर पहिले पाऊल टाकवतच नाही. दाराची चौकट धरून मिनिटभर थांबते, तेव्हा कुठे पाय पुढे सरकतो. गोळ्या, इंजेक्शने, घोट्याचा पट्टा, सगळे करून झाले. एक्स-रेत सांध्यातली फटच उरलेली नाही, म्हणजे मधली कूर्चा झिजून हाडावर हाड घासते.

ओपीडीत विचारले, “फ्यूजन की रिप्लेसमेंट? पुढच्या तारखेला सांगा.” आणि हातात इंग्रजी संमतीपत्र. मागे रांग होती, हे मला कळते. पण ठरवायचे कशाच्या जोरावर?

शेवटी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने केस पेपरच्या पाठीवर चित्र काढले. नडगीचे हाड, खाली पावलाचे, दोन्हींतून तिरपे गेलेले स्क्रू. हे फ्यूजन, हाडे एकजीव करायची. दुखणे थांबते, घोटा वरखाली होणे बंद. खालचे छोटे सांधे वळतात म्हणून चालता येते, पण जादा भाराने पुढे तेच झिजू शकतात. कधी हाडे जुळतच नाहीत. तंबाखू ओढणाऱ्यांत हे जास्त. शेजारी दुसरे चित्र : धातूचे दोन भाग, मध्ये प्लास्टिक. हे रिप्लेसमेंट, कृत्रिम सांधा बसवायचा. हालचाल राहते, पण सांधा झिजून सैल झाला तर पुन्हा ऑपरेशन. “आणि काकी, उकिडवं बसणं दोन्हींत कठीणच,” ती म्हणाली. हे मला तोवर कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या चाळीत संडास सामाईक, खाली बसायचे. मी तिसऱ्या मजल्यावर.

माझा भाचा फिजिओथेरपिस्ट आहे. त्याने सांगितले की ब्रिटनमध्ये 17 रुग्णालयांतल्या सुमारे 300 रुग्णांवर या दोन ऑपरेशनांची तुलना झाली, निष्कर्ष 2022 साली आले. वर्षभराने दोन्हीकडे चांगला आराम होता, फरक फारसा नव्हता. मग निवड ठरणार ती माणसाच्या कामावर, वयावर, घरावर. तेच तर कोणी विचारत नाही!

मी फ्यूजन ठरवले आहे. दिवसभर उभे राहायचे, दुसऱ्यांदा ऑपरेशन झेपणार नाही. संडासात कमोड बसवायला चाळ कमिटीकडे अर्ज दिला आहे. काही आठवडे पाय टेकायचा नाही, तेव्हा पोळ्या कोण लाटणार, ते जावेशी बोलून झाले.

मुंबईतल्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे. दोन्ही ऑपरेशनांची माहिती देणारे एक पान मराठीत छापा, चित्रांसह, आणि ते केस पेपरला टाचून आधी घरी वाचायला द्या. संमतीपत्र मराठीत असू द्या. आणि सही घेण्यापूर्वी विचारा : कितव्या मजल्यावर राहता, उभे किती राहता, संडास कसा आहे?

आपली,
एक वाचक, लालबाग