निळा फ्रॉक कोणी ठरवला?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘ॲलिस इन वंडरलँड’ या मुलांच्या पुस्तकातल्या ॲलिसवरचा लेख वाचला आणि सकाळचा चहा गार झाला. लेखकमहाशयांचं म्हणणं असं, की ॲलिसची ‘मूळ’ चित्रं सगळ्यांना ठाऊक असताना ऊठसूट कोणीतरी नवी ॲलिस काढतं ते निव्वळ धंद्यापायी, आणि त्यामुळे मुलांच्या मनातली ॲलिस बिघडते. बरं, ‘मूळ’ म्हणून शेजारी छापलंत काय? निळा फ्रॉक, पिवळे केस, काळी रिबन. अहो, ही डिस्नेच्या १९५१ च्या सिनेमातली ॲलिस आहे. पुस्तक १८६५ चं. मधली ८६ वर्षं लेखकमहाशयांनी कुठे ठेवली?

पुस्तकाचा पहिला चित्रकार जॉन टेनिएल, त्याची चित्रं काळी-पांढरी होती, लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापलेली. आणि मूळच म्हणायचं तर टेनिएलच्याही आधी खुद्द पुस्तकाचा लेखक लुईस कॅरॉलने हस्तलिखितात ३७ चित्रं काढून ती वही १८६४ मध्ये, जिच्यासाठी ही गोष्ट रचली त्या ॲलिस लिडेल या मुलीला भेट दिली होती. म्हणजे तुमच्या हिशेबाने पहिला बिघडवणारा टेनिएलच!

धंदा आहे, मी नाही म्हणत नाही. १९०७ मध्ये इंग्लंडात पुस्तकाचा कॉपीराइट संपला आणि त्याच वर्षी नव्या चित्रांच्या आवृत्त्या धडाधड बाजारात आल्या, आर्थर रॅकहॅमची त्यातलीच. पण कॉपीराइट शेकडो पुस्तकांचा संपतो, त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ॲलिसकडेच चित्रकार का धावतात, याचं उत्तर पुस्तकात आहे. लेखकमहाशयांनी ते उघडलेलं दिसत नाही. ॲलिस कशी दिसते हे कॅरॉलने सांगितलेलंच नाही. फ्रॉकचा रंग नाही, केसांचा रंग नाही. आपले केस कुरळे नाहीत एवढं ती एकदा मनाशी बोलते आणि टोपीवाला म्हणतो, तुझे केस कापायला झालेत. झालं वर्णन. ग्रिफन येतो तिथे तर कंसात सरळ लिहिलंय, की ग्रिफन म्हणजे काय ते माहीत नसेल तर चित्र बघा! इतक्या बिनदिक्कत चित्रकाराच्या गळ्यात काम टाकणारा लेखक मला दुसरा माहीत नाही. मग ज्याच्या हातात ब्रश आहे तो म्हणणारच, ही जागा माझ्यासाठी ठेवलीय. राल्फ स्टेडमनने १९६७ मध्ये ज्याच्यामागे ॲलिस बिळात शिरते त्या घायकुत्या सशाचा ऑफिस गाठणारा चाकरमानी करून टाकला. साल्वादोर दालीची १९६९ ची ॲलिस म्हणजे दोरीवरच्या उड्या मारणारी एक इवलीशी आकृती. यायोई कुसामाने २०१२ मध्ये पानंच्या पानं ठिपक्यांनी भरली. (मला ते ठिपके अजिबात आवडले नाहीत, पण म्हणून ‘बंद करा’ म्हणणारी मी कोण?)

खरं सांगायचं तर मी एवढी चिडले ती स्टेडमन-दालीसाठी नव्हे. मी कलाशिक्षिका होते, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवण्यात उमर गेली. गेल्या वर्षी माझ्या नातीच्या शाळेत चित्रस्पर्धा झाली, विषय ॲलिस. पोरीने सावळी ॲलिस काढली, दोन वेण्या, पिवळा फ्रॉक. सशाचं बीळ म्हणून झाकण नसलेलं मॅनहोल, कडेला पावसाचं पाणी, आणि आत डोकावणारा छत्रीवाला ससा. उजेड-सावली कच्ची होती, मान्य. पण काय कल्पना! परीक्षकांनी मागे लाल पेनने लिहिलं, ‘विषयाला धरून नाही’. पहिलं बक्षीस मोबाइलवरून जसंच्या तसं उतरवलेल्या निळ्या फ्रॉकला. मी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, “मॅडम, ॲलिस अशी नसते.”

नसते? ॲलिस लिडेलचे कॅरॉलने काढलेले फोटो बघा. काळेभोर, मानेपर्यंत कापलेले केस. आणि टेनिएलची चित्रं रंगवून १८९० मध्ये लहान मुलांसाठी जी आवृत्ती निघाली, त्यात फ्रॉक पिवळा आहे. पिवळा! हे मी परीक्षकांना सांगितलं. ते हसले आणि त्यांनी मला चहा विचारला.

तेव्हापासून ती पोर साधं मांजर काढायचं तरी आधी मोबाइलवर बघून घेते, ‘आजी, बरोबर असंच असतं ना?’ म्हणून. आणि तुमचे लेखकमहाशय लिहितात, नव्या चित्रांमुळे मुलं गोंधळतात!

आता लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. लेखासोबत तुम्ही पाच चित्रं छापलीत, एकाही चित्राखाली चित्रकाराचं नाव नाही. छायाचित्रकाराचं नाव मात्र बरोबर असतं. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकांतही तीच तऱ्हा, कथा कोणाची ते मुखपृष्ठावर आणि चित्रं कोणाची ते भिंग घेऊन शोधा. शिवाय छपाई. रॅकहॅमचे ते हळुवार तपकिरी रंग तुमच्या पुरवणीत असे सरकलेत, की ॲलिसला दोन-दोन नाकं आलीत. १८६५ मध्ये छपाई मनासारखी नाही म्हणून टेनिएलने तक्रार केली, तेव्हा पहिल्या २,००० प्रतींची आवृत्ती मागे घेऊन पुस्तक नव्याने छापलं होतं. कालची पुरवणी मागे घ्या असं मी म्हणत नाही. दुरुस्ती छापा, आणि ती निविदा-सूचनांच्या खाली नको, पुरवणीतच, त्याच जागी.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, सांगली

ता. क. शनिवारचं बालपान बंद करून तिथे क्लासेसच्या जाहिराती सुरू केल्यात, त्याबद्दल मी दिवाळीच्या आधीच पत्र पाठवलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.