शेजारच्या कुंडीतलं रोप

पुणे
गुरुवार, रात्री उशिरा

प्रिय सुमे,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. रागव हवं तेवढं, पण आधी वाच. हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. तब्येत बरी आहे, आईचे गुडघे तसेच.

माझी निळी स्लाइड खोटी निघाली गं.

आपला लॅट52 जीन आठवतो ना, टोमॅटोच्या परागकणातला? ट्वेल आणि मॅकॉर्मिकच्या 1991 च्या पेपरातली ती पाच अक्षरं, टीजीटीजीजी, प्रमोटरमध्ये, म्हणजे जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या भागात, बसून परागकणात जीनला जोर देणारी. मी नेमकी तीच बदलली, पुढे निळा रंग देणाऱ्या एन्झाइमचा जीन, गस, जोडला आणि तंबाखूची रोपं केली. रंग फिका पडायला हवा होता. पडला नाही! सर म्हणाले, "दुसरा कुठला तरी तुकडा काम सावरून घेतोय." चार महिने मी त्या तुकड्याच्या मागे होते. परिषदेला सारांशही गेला.

मंगळवारी फोटोपुरते साध्या रोपाचे परागकोश घेतले, शेजारच्याच कुंडीतले. त्यात गस नाहीच. सकाळी कव्हरस्लिप दाबली, तर निळे दाणे बाहेर आले. तितकेच निळे. रंगवायच्या द्रावणाची, बफरची, बाटली उचलली. लेबलवर माझ्याच अक्षरात 'पीएच 7'. मीटर म्हणे 4.7. बफरच्या दोन फॉस्फेटांपैकी एकच, आम्लाकडचं, पडलं असणार.

आम्लात झाडाचं स्वतःचं एन्झाइमही तोच रंग देतं, हे एमएस्सीला तूच ओरडून सांगितलं होतंस. दर वेळी साधं रोप लावायचंच म्हणून हटून बसलीस आणि मी म्हणाले, रंग आणणारा एवढा महाग एक्स-ग्लुक तुझ्या बाबांनी आणलाय का! दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तू न विचारता माझ्या डब्यातली खिचडी संपवलीस, तेव्हा कुठे मिटलं. ते वाक्य आज मागे घेते. खिचडी मात्र अजून तुझ्याकडे बाकी आहे.

वाईट कशाचं वाटतं सांगू? माझा जीव त्या दाण्यात आहे. एका परागकणात दोन पेशी, दोघींचा डीएनए तोच. परागनलिका वाढवणाऱ्या मोठीत लॅट52 जोरात, आणि जिच्यातून पुंयुग्मकं होतात त्या छोटीत गप्प. ट्वेलने 1992 मध्ये गस केंद्रकात पाठवून ते दाखवलं. प्रमोटर तोच, मग छोटीत तो गप्प का? याच प्रश्नासाठी मी इथे राहिले, आणि त्यालाच चुकीचं उत्तर चिकटवलं.

आज नवीन बफर केला, दोनदा पीएच पाहिला, झाडाचं स्वतःचं एन्झाइम दाबायला 20 टक्के मिथेनॉल घातलं. दोन्ही रोपांचे परागकोश 37 अंशांवर ठेवलेत. उद्या सर यायच्या आत उघडणार. साधं रोप पिवळट राहिलं आणि माझंही फिकं निघालं, तर ती पाच अक्षरं खरी आणि सरांचा तुकडा नाहीच. सारांश मागे घ्यायचं मग मलाच सांगावं लागेल. काय शब्दांत सांगू? तू त्यांच्याशी नीट बोलायचीस.

बारशाला आले नाही, माफ कर. बाळाचं नाव काय ठेवलंत? नवी नोकरी जमली का? घर बदललं असशील तर पत्ता कळव.

तुझीच,
मंजू