ऋतुजा घरी येण्याआधी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

ऋतुजाशी तुझं लग्न झालं की घरात ऐकू येणारी माणसं दोन होतील, म्हणून एक गोष्ट आधीच ठरवू. आम्ही दोघं कर्णबधिर; आमच्यासमोर तुम्ही नुसतं तोंडाने बोललात, तर दुधाचा हिशेबसुद्धा आमच्यासाठी गुपित होतो. ‘काही नाही, नंतर सांगतो’ हे उत्तर कर्णबधिर माणसाला जेवणाच्या पंगतीत जन्मभर मिळतं. ते आपल्या घरात नको. आम्ही खोलीत असलो की विषय कुठलाही असो, हात चालू ठेवा, म्हणजे खुणांच्या भाषेतच बोला. खरंच खासगी असेल तर खुशाल आतल्या खोलीत जा. त्यात अपमान नाही.

ओठांवरून सगळं समजतं, असं ऋतुजाला वाटू देऊ नकोस. पार, भार, मार ओठांवर सारखेच दिसतात. क, ख, ग घशाजवळ होतात, ते दिसतच नाहीत. अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो नावांत आणि आकड्यांत. ते लिहून दाखवा.

हाक मारायची तर खांद्यावर हलकी थाप, नाहीतर दिवा दोनदा सावकाश चालू-बंद. भराभर केला तर आम्ही संकट समजतो. फरशीवर पाय आपटून उपयोग नाही, लाकडी टेबलावर हात आपटला तर कळतं. खिडकीकडे पाठ करून बसू नये. चेहरा अंधारात जातो, आणि प्रश्न विचारलाय की सांगितलंय हे भुवयांवरून ओळखायचं असतं. दोघं खुणांनी बोलत असतील तर मधून सरळ निघून जावं. थांबून माफी मागितली की बोलणंच तुटतं.

दवाखान्यात मात्र तू दुभाषी व्हायचं नाहीस. मूल आईवडिलांना वाईट बातमी सौम्य करून सांगतं, आणि तिथेच नवं गुपित तयार होतं. आम्हीही तुझ्यासमोर काही दुखणी सांगणार नाही. प्रशिक्षित दुभाष्यावर गोपनीयतेचं बंधन असतं. तरी आपला कर्णबधिरांचा समाज लहान, गावातला दुभाषी प्रत्येक लग्नात भेटतो; म्हणून नाजूक तपासणीला परगावचा दुभाषी व्हिडिओ कॉलवर घ्यावा. फोन हातात धरू नका, स्टँडवर ठेवा, म्हणजे आमचे दोन्ही हात मोकळे राहतील.

ऋतुजाचं खुणेतलं नाव, म्हणजे खुणांच्या भाषेत तिला ओळखायची खूण, तुम्ही ठरवून आणू नका. तिचं वागणं-दिसणं पाहून आमची कर्णबधिर मंडळी देतील.

आणि दाराची बेल दाबली की लागणारा दिवा फक्त हॉलमध्ये आहे, ओट्याशी उभं राहिलं की दिसत नाही. या रविवारी वायरमनला घेऊन ये.

तुझी आई