बाकी सगळं कोणाचं?

तीर्थरूप आई-बाबांस सा. न.

बाबा, मृत्युपत्राचा मसुदा वाचला. घर आईला, ठेवी दादाला आणि मला, दागिने नातीला, सगळं नावानिशी आहे. पण ज्याचा उल्लेख नाही ते कोणाचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. वकील ज्याला ‘रेसिड्युअरी इस्टेट’ म्हणतात ती हीच उर्वरित मालमत्ता. देणी आणि अंत्यविधीचा खर्च भागवून, नेमून दिलेलं ज्याचं त्याला गेल्यावर जे राहतं ते.

आई म्हणेल, उरणार काय, जुनी भांडी? तसं नाही गं. मृत्युपत्र आज केलं तरी अमलात येतं ते माणूस गेल्यावर. मधल्या काळात जे घ्याल, जे मिळेल, ते यात जातं. समजा, घर विकलंत. मग ‘घर आईला’ या वाक्याला अर्थ राहत नाही आणि विक्रीची रक्कमही आपोआप आईची होत नाही, तीही उरलेल्यात जाते.

घेणाराच आधी गेला तर? भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे, मृत्युपत्रात वेगळं काही म्हटलं नसेल तर ते देणं रद्द होऊन उर्वरितात मिसळतं. अपवाद मुलाबाळांचा. मी आधी गेले आणि माझी मुलगी मागे असली तर माझा वाटा बुडत नाही. (आई, रागावू नकोस. हे विषय अशुभ म्हणून टाळले की पुढे कोर्टात निघतात.)

उर्वरितासाठी कोणाचंच नाव नसेल, तर तेवढ्या भागापुरतं मृत्युपत्र नसल्यासारखंच. मग १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आई, दादा आणि मी, तिघांना सारखे वाटे. मला ते नको आहे, दादालाही नको. आईला तिच्याच घरच्या पैशासाठी आमच्या सह्या मागायला लागू नयेत.

तेव्हा शेवटी हे घाला: ‘वर उल्लेख न केलेली, माझ्या मृत्यूसमयी माझ्या मालकीची असलेली सर्व स्थावर-जंगम मिळकत माझ्या पत्नीस मिळावी, ती हयात नसल्यास दोन्ही मुलांना समभागाने.’ सही मात्र दोन साक्षीदारांसमोर करा आणि त्यांच्याही सह्या घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

आणि बाबा, दागिन्यांचं कलम काढा. ते आईचे आहेत, तुम्ही देणारे कोण? नातीला द्यायचे की नाही हे तिनं तिच्या मृत्युपत्रात ठरवावं. तिचा मसुदा तिला स्वतःला लिहू दे, मग दोन्ही एकदमच वकिलांना दाखवू.

तुमची
लेक