सही करण्याआधी

नाशिक,
२० सप्टेंबर

प्रिय सखे,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप वाचला. तुझ्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, जमिनीतला तुझा हिस्सा भावांना सोडून द्यायचा की नाही, हा दोन ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नाही, म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. थोरला भाऊ म्हणतो, "सगळी कागदपत्रं तयार आहेत, फक्त तुझी सही राहिलीय, भाऊबीजेला येशील तेव्हा उरकून टाकू." भावोजी म्हणतात, हिस्सा अजिबात सोडायचा नाही. चुलते म्हणतात, लग्न झालेल्या मुलीनं माहेरच्या जमिनीकडे बघू नये. या सगळ्यांच्या मधे तू उभी, आणि मला विचारतेस, "मी काय करू?"

हे मी सांगणार नाही. रागावू नकोस. तुझ्यावर माझा जीव आहे म्हणूनच सांगणार नाही. तू बारावीनंतर कुठल्या कॉलेजात जायचं हे तात्यांनी ठरवलं. स्थळ मामांनी आणलं. शाळेतली नोकरी बाळंतपणात सुटली आणि "पुढं बघू" म्हणता म्हणता ते पुढं कधी आलंच नाही. त्यातून वाईट काही झालं असं मी म्हणत नाही. भावोजी चांगले आहेत, पोरं गुणी निघाली. पण यातल्या एकाही गोष्टीबद्दल "हे मी ठरवलं" असं तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आता तात्या गेल्यावर पहिल्यांदाच एक निर्णय असा आलाय की जो कायद्यानं तुझ्याशिवाय कुणालाच घेता येत नाही. तोही तू माझ्या हाती देऊ नयेस.

मी रोज हेच कागद तयार करते, तुला माहीत आहे. हक्कसोडपत्राच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: "सदरचे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून दिले आहे." ते टाइप करताना मला दरवेळी 'लिहून देणार' म्हणून जिचं नाव आहे त्या बाईचा चेहरा बघावासा वाटतो. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिला कॅमेऱ्यासमोर बसवतात, फोटो निघतो, मशीनवर अंगठा घेतात, दोन साक्षीदार ओळख पटवतात. मग साहेब विचारतात, "दस्त वाचला का? कबूल आहे का?" आणि ती बाई उत्तर द्यायच्या आधी भावाकडे बघते. त्यानं मान हलवली की ही म्हणते, "हो." मी हे इतक्यांदा बघितलंय की आता मला ते "हो" ऐकवत नाही. अगं, त्यातल्या कित्येकींनी पूर्ण विचार करूनही तेच केलं असतं, भावालाच दिलं असतं. पण ते देणं मग त्यांचं असतं. असं मान हलवल्यावर दिलेलं कुणाचंच नसतं. काही वर्षांनी भावाशी बिनसलं की तीच बाई म्हणते, "माझ्याकडून सही करून घेतली." ते खरंही असतं आणि खोटंही, आणि ते ओझं ती मरेपर्यंत वागवते.

आता तुझ्या बाबतीतलं सांगते. हे नीट वाच, कारण माहिती नसताना घेतलेला निर्णय तुझा होणार नाही.

चुलत्यांचं म्हणणं जुनं झालं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार झाली. आपल्या राज्यानं तर १९९४ मध्येच तसा कायदा केला होता, पण त्यात २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची ती अट उरली नाही. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात हवेत की नकोत यावर बरीच वर्षं वाद चालला. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तोही मिटवला: हक्क जन्मानं आहे, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. तात्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही आणि आधी कधी नोंदणीकृत वाटपही झालेलं नाही, असं तू लिहितेस. तसं असेल तर जमीन आजोबांकडून आलेली असो की तात्यांनी स्वतः घेतलेली, हिशेब शेवटी एकाच ठिकाणी येतो. काकू म्हणजे तुझी आई, दोन भाऊ आणि तू, चौघांचे रुपयात चार-चार आणे.

पण त्याआधी एक बघ. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, तेव्हा आपल्या दोघींच्या आया ट्रॉलीत बसून गेल्या होत्या, आठवतं? त्यानंतर संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. तात्या संघटनेचा बिल्ला छातीवर लावणारे. त्यांनी काकूंच्या नावावर काही क्षेत्र केलं होतं असं मला पुसटसं आठवतं. असेल तर ते काकूंचं आहे, या वाटणीत येत नाही आणि त्यावर कुणी तुझी सही मागायचं कारण नाही. सातबाऱ्यावर आणि जुन्या फेरफारात, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीत, ते दिसेल. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जमिनीचा गट नंबर टाकलास तर सातबारा घरबसल्या बघता येतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत निघतो. तो वाचताना फक्त नावं बघू नकोस. 'इतर हक्क' या रकान्यात गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा, बँकेचा बोजा किती आहे ते बघ. हिस्सा म्हणजे नुसती जमीन नव्हे, त्यावरचं देणंही आलं. भावोजींना ही बाजू सांगितलीस का?

तुझ्या भावांच्या बाजूनंही बोलते, कारण ते लबाड आहेत असं मला वाटत नाही. द्राक्षाचा बाग आहे. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की औषधं, मजूर, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, सगळ्याला पैसा लागतो आणि तो कर्जाशिवाय उभा राहत नाही. सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढ्या सह्या बँक मागते. बहीण दूर, तिच्या सहीसाठी दरवर्षी खोळंबा, ही अडचण खरी आहे. वीस वर्षं त्या बागेत त्यांनी घाम गाळलाय, गारपिटीत घड मातीत गेलेले बघितलेत. तुला त्या कष्टाची किंमत वाटत असेल आणि म्हणून सोडावंसं वाटत असेल, तर ते मोठं मन आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मग तसं त्यांना तोंडावर सांग. "मला माझा हक्क माहीत आहे, आणि तुम्ही बाग राखलात म्हणून मी तो सोडते आहे," असं म्हण. माहेर तुटेल या धास्तीनं सोडू नकोस. चार आण्यांच्या हिश्श्यापायी तुटणारं माहेर सही केल्यानं टिकेल, असं मला या टेबलावर बसून तरी दिसलेलं नाही.

आणि फक्त सोडणं किंवा घेणं असे दोनच रस्ते नाहीत. नाव सातबाऱ्यावर राहू दे आणि कसायला भावांना दे, असंही करता येतं. कर्जासाठी संमती लागेल तेव्हा ती देण्याची जबाबदारी मग तुझी, ती टाळता येणार नाही, वेळेवर यावं लागेल. रस्त्याकडेचा थोडा भाग मागून बाकीचा सोडता येतो. सोडायचाच तर काकूंच्या नावे सोडता येतो, म्हणजे त्यांच्या म्हातारपणाला आधार होईल. मला विचारशील तर सगळ्यात आधी काकूंचा विचार व्हायला हवा, आणि तुझ्या अख्ख्या निरोपात त्यांना काय वाटतं याबद्दल एक ओळ नाही. त्यांच्याकडूनही सही घेणार आहेत का? हे आधी विचार. विधवा बाईनं आपला हिस्सा मुलांच्या नावे करून दिला की घरात तिचं बोलणं किती उरतं, हे गावात तूही पाहिलं आहेस.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की "माझं मन बदललं" म्हणून परत घेता येत नाही. फसवणूक झाली, दडपण आलं, असं म्हणायचं तर कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागतं. कुलमुखत्यारपत्र पुढं केलं तर जास्त जपून, कारण त्यात तुझ्या वतीनं पुढच्या सह्या दुसरा कुणी करणार असतो. कोऱ्या कागदावर किंवा अर्धवट मजकुरावर तर सख्ख्या भावासाठीही सही करू नये. सणाच्या दिवशी, ओवाळणीचं ताट बाजूला ठेवून, गाडी दारात उभी करून न्यायला आले तरी "आज नाही" म्हणायचं. वारसांच्या नोंदीसाठी तुझ्या हक्कसोडीची गरज नसते. चौघांची वारसनोंद आधी होऊ शकते, बाकीचं नंतर सावकाश. "सही केल्याशिवाय नावंच लागत नाहीत" असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

भावोजींबद्दल लिहिताना हात थोडा थबकतोय, पण तुझ्याशी नाही बोलायचं तर कुणाशी? हिस्सा घेतलास तर तो तुझा असेल. त्या पैशातून ठाण्याच्या घराचं कर्ज फेडायचं की मुलीचं शिक्षण करायचं की तसाच ठेवायचा, हे तू ठरवायचं. एका पुरुषाच्या सांगण्यावरून सोडला नाही आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतला, तर तू होतीस तिथंच राहिलीस. त्यांच्याशी सल्लामसलत जरूर कर, संसार दोघांचा आहे. पण त्यांना आधी तुझं मत सांग, मग त्यांचं ऐक. आजवर तू नेहमी उलटं करत आलीस.

तू म्हणशील, मला हे जमत नाही, माझा स्वभाव नाही. सखे, मामंजी आजारी असताना आयसीयूच्या दारात सगळे घाबरून बसले होते, तेव्हा डॉक्टरांना एकेक प्रश्न विचारून, समजून घेऊन संमतीपत्रावर सही कुणी केली होती? तूच ना? दुसऱ्याच्या जिवासाठी जे जमलं ते स्वतःच्या हक्कासाठी का जमू नये? तेव्हा जसे प्रश्न विचारलेस तसेच आता विचार.

भाऊबीजेच्या चार दिवस आधी नाशिकला उतर, माझ्याकडे मुक्काम कर. येताना आधार कार्ड आणि लग्नाआधीच्या नावाचा एखादा पुरावा आण, शाळा सोडल्याचा दाखला चालेल. त्यांनी तयार केलेल्या दस्ताचा मसुदा व्हॉट्सॲपवर मागवून घे. देत नसतील तर तेही काहीतरी सांगून जातं. आपण दोघी बसून ओळ न् ओळ वाचू. जुने फेरफार मी काढून ठेवते, तेवढा गट नंबर लगेच कळव. आणि निघण्याआधी काकूंना फोन कर, दुपारी तीनच्या सुमारास, तेव्हा दोघं भाऊ मळ्यात असतात आणि त्या एकट्या असतात.

मुलांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार.

तुझीच,
मैत्रीण